एका नावाचे दोघे

मी कथलाचा शिंपला बोलतो आहे, आणि जमिनीखालून बोलतो आहे. ज्या पेटीत मी आहे ती साध्या फळ्यांची आहे. माझ्या एका अंगाला एका पुरुषाची हाडे आहेत आणि दुसऱ्या अंगाला थोडी माती, जी एका लेकराची आहे असे मानले गेले. पेटीवर एकच नाव लिहिले आहे: फेर्मिन कोल्के. ते दोघांचेही आहे. कसे, ते सांगण्यासाठी मी तोंड उघडले. जे मी स्वतः पाहिले ते पाहिले म्हणून सांगेन आणि जे कपाटात पडल्या पडल्या ऐकले ते ऐकले म्हणून. या दोहोंची गल्लत झाली की माणसे कशी हरवतात, याचा मला अनुभव आहे.

वाय्याकोत्याच्या डोंगरातून निघालेल्या खनिजापासून माझा जन्म झाला. खाणीच्या भट्टीवरील कामगारांनी चर्चसाठी मला ओतले. आकार समुद्रातल्या शिंपल्याचा, पण ओतणाऱ्यांपैकी एकानेही समुद्र पाहिलेला नव्हता. संत सान्तियागोच्या तसबिरीत पाहून त्यांनी माझ्या रेघा काढल्या. आपल्या डोंगराच्या अभिमानापोटी त्यांनी माझ्यात शिसे मिसळू दिले नाही आणि तोच पुढे माझा दोष ठरला. निर्भेळ कथलाला कडक थंडी सोसत नाही. त्यावर राखाडी डाग पडतो, डाग पसरतो आणि धातूची भुकटी होते. तेव्हाच्या पाद्रीबाबांना हे ठाऊक असावे, कारण त्यांनी मला लोकरीत गुंडाळून, चुलीच्या भिंतीला लागून असलेल्या वह्यांच्या कपाटात ठेवायला सांगितले.

त्या कपाटात बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि दफनाच्या वह्या होत्या. नोंद लिहून झाली की पाद्री ती मोठ्याने वाचून दाखवीत, कारण ज्याची नोंद असे त्याला बहुधा वाचता येत नसे. म्हणून मी अक्षर न शिकताही त्या वह्या जाणतो.

माझे काम एवढेच, की कुंडातले पाणी उचलायचे आणि मुलाच्या टाळूवर सोडायचे. येथील माणसे मुलासाठी नाव शोधत बसत नसत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवशी ज्या संताचा सण असेल, तेच नाव. पाणी पडताच मूल रडले तर सगळे हसत. रडले म्हणजे जगेल, असे म्हणत. ही समजूत खरी नव्हती. रडलेली पुष्कळ मुले पुढच्या हिवाळ्यापर्यंत दफनाच्या वहीत गेलेली मी ऐकली आहेत.

इसवी सन १९१४च्या जुलै महिन्यात सेनोबिया कोल्के एकटीच मूल घेऊन आली. खाणीने बाहेर फेकलेल्या दगडांच्या राशीवर बसून, हातोडीने दगड फोडून त्यातले खनिज निवडणाऱ्या बायकांपैकी ती एक होती. दिवस संत फेर्मिनचा होता.

“बापाचं नाव?” पाद्रीबाबांनी विचारले.

“लिहू नका.”

“काहीतरी लिहावं लागतं, बाई.”

“मग ‘माहीत नाही’ असं लिहा. मला माहीत आहे. तुम्हाला नाही ना?”

तसेच लिहिले गेले. मूल मोठ्याने रडले. दहा महिन्यांनी त्याच हस्ताक्षरात दफनाच्या वहीत नोंद झाली: फेर्मिन, सेनोबिया कोल्केचा मुलगा, खोकल्याने. बाप्तिस्म्याचा दाखला मात्र सेनोबियाने परत केला नाही, आणि कोणी मागितलाही नाही. सरकारी जन्मनोंदणी तेव्हा नव्हती. खाणीच्या फाटकावर माणूस कोण आहे याचा पुरावा म्हणजे चर्चचा तो कागद. तो नसेल तर काम नाही. म्हणून मूल गेले तरी घराघरांत दाखला जपून ठेवत. पुढे झालेल्या मुलाला तो चाले, कधी भाच्याला चाले. नवा दाखला काढायचा म्हणजे बाप्तिस्म्याला उभा राहणारा धर्मपिता शोधणे आले, मेजवानी आली. त्यात कोणाला पाप वाटत नसे.

सेनोबियाला पुढे मूल झाले नाही.

वीस वर्षांनंतर शेजारच्या देशाशी चाकोचे युद्ध चालू होते. त्या तापलेल्या, पाणी नसलेल्या मुलखातून जे पळून आले त्यांना शोधत सैनिक खाणीच्या वस्त्यांमधून फिरत. मिळाला की भिंतीशी उभा करून गोळी घालत, असे मी ऐकले, पाहिले नाही. सेनोबिया आता दर शनिवारी चर्चची वस्त्रे धुऊन आणत असे. अशाच एका शनिवारी दुपारी तिने मागच्या खोलीत एक तरुण आणला. दगडांच्या राशीत लपलेला तो तिला सापडला होता. त्याचे ओठ फाटले होते आणि अंगावर बाईची शाल होती.

“नाव काय तुझं?”

“सातुर्निनो युक्रा. पुकामायुचा.”

“वय?”

“वीस. आई म्हणते, मक्याची कणसं भरतात तेव्हाचा.”

“वीस,” ती म्हणाली. तिने टोपीच्या अस्तरातून एक घडीचा कागद काढून त्याच्या मांडीवर ठेवला. “हा घे. उद्यापासून तू हा.”

त्याला थोडे वाचता येत होते. बोट फिरवत त्याने नाव वाचले. “हा कोण, मामी?”

“माझा मुलगा.”

“कुठे असतो?”

“वर. कबरस्तानात, भिंतीलगत.”

त्याने कागद तिच्याकडे सरकवला. “मेलेल्याचं नाव नको. मृतांच्या सणाला तो घरी यायचा, आणि बघायचा तर त्याच्या जागेवर मी बसलेलो.”

“बसलास तर बस. त्याचा पाव मी वेगळा भाजीन.”

“आणि त्याने विचारलं, हा कोण म्हणून?”

“दहा महिन्यांचा आहे तो,” सेनोबिया म्हणाली. “त्याला अजून बोलता येत नाही.”

त्याने कागद पुन्हा आपल्याकडे ओढला. मग तिने मला लोकरीतून काढले, धुण्याच्या बादलीत बुडवले आणि त्याला वाकायला सांगितले.

“माझा बाप्तिस्मा झालाय, मामी. एकदा झाला की परत होत नाही.”

“तो सातुर्निनोचा झाला. ते नाव सोड आता पाण्यात.” तिने माझ्यातले पाणी त्याच्या टाळूवर ओतले. “आणि मामी नको म्हणूस. आई म्हण. नुसतं लोकांपुढे नको, घरात पण.”

“फार गार आहे!”

“रडलास तर जगशील.”

तो रडला की नाही, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. चेहरा आधीच ओला होता. पण त्याचे खरे नाव आणि गाव त्या खोलीत उच्चारले गेले, ते मी ऐकले, आणि माझ्या माहितीप्रमाणे वाय्याकोत्यात ते पुन्हा कधी कोणी उच्चारले नाही.

तो खाणीत लागला. कागद पाहिला गेला, वय जुळले, आई समोर उभी होती. आणखी कोणी काय विचारणार? दोन वर्षांनी त्याचे लग्न झाले. लग्न लागले की पाद्रीने वरवधूच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी काढायच्या आणि त्यांच्या समासात लग्नाची तारीख व जोडीदाराचे नाव लिहायचे, असा नियम आहे. त्या वेळचे पाद्री, फादर अन्सेल्मो, नव्याने आलेले होते. त्यांनी १९१४ची वही काढली आणि लहानग्या फेर्मिनच्या नोंदीशेजारी स्वच्छ अक्षरात टीप लिहिली. दफनाची वही शेजारच्याच फळीवर होती. ती उघडण्याचे त्यांना काही कारण नव्हते.

१९३८ मध्ये या जोडप्याला मुलगी झाली. तिचे नाव ग्रेगोरिया. मी तिच्या डोक्यावर पाणी ओतले तेव्हा बाप इतरांसारखा हसला नाही. तो मुलीकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

डोंगराच्या आतील धूळ माणसाच्या छातीत जाऊन घट्ट बसते. खाणीत उतरणाऱ्यांपैकी चाळिशी पाहिलेले थोडे. ग्रेगोरिया चौदा वर्षांची असताना तो गेला. शेवटच्या घटकेला तो काय बोलला, कोणते नाव बोलला, मला माहीत नाही. मी तेथे नव्हतो. सेनोबियाने आग्रहाने त्याला भिंतीलगत, त्या लहान कबरीच्या शेजारी जागा मिळवून दिली. काही वर्षांनी तीही गेली. कोणाला काही न सांगता गेली, हे मी पुढे जे ऐकले त्यावरून म्हणतो.

मग खाण बंद पडली. वस्तीने बिछाने, कोंबड्या आणि दरवाजे ट्रकवर चढवले. चर्चला पाद्री राहिला नाही. चूल विझली, आणि माझ्या कडेवर पहिला राखाडी डाग पडला. चर्चची किल्ली सेव्हेरो नावाच्या राखणदाराकडे होती. तो कधीमधी येऊन उंदीर हाकलत असे आणि आम्हाला शिव्या देत असे, बहुधा सोबत म्हणून.

पुष्कळ वर्षांनी नवी खाण आली. तिला गाळ साठवायला तळे हवे होते, आणि तळ्यासाठी ठरलेली जागा म्हणजे जुने कबरस्तान. फर्मान निघाले, की आपल्या माणसाशी असलेले नाते जो कागदोपत्री सिद्ध करील, त्याला पेटी मिळेल आणि नव्या कबरस्तानात जागा. ज्यांचे कोणी नाही, किंवा ज्यांचे कागद नाहीत, ते सगळे एका खड्ड्यात.

ग्रेगोरिया तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. तिची मुलगी विल्मा ओरुरो शहरात शिवणकाम करी. आजोबांचे कागद शोधायला ती रविवारमागून रविवार येऊ लागली. खाणीचे जुने दप्तर जळालेले होते. सरकारी कचेरीत मृत्यूची नोंद मिळाली, त्यात जन्मस्थळाच्या रकान्यात फक्त ‘इथलाच’ असा शब्द होता. राहिले आमचे कपाट.

“सेव्हेरोकाका, १९१० पासूनच्या सगळ्या वह्या काढा.”

“तुझा आजा मंत्री होता काय, पोरी? मंत्र्याला पण एवढे कागद लागत नाहीत.”

“मंत्र्याचं कबरस्तान कुणी बुडवत नाही.”

ग्रेगोरिया विझलेल्या चुलीपाशी शाल पांघरून बसलेली असे. “बापाची छाती खाणीने घेतली,” ती एकदाच म्हणाली. “हाडं तळ्याला देणार नाही मी.”

शेवटी नोंद सापडली. सेव्हेरोने ती वाचली, समासातली लग्नाची टीप वाचली आणि टोपी हवेत उडवली. विल्माने आईचा हात धरून त्या अक्षरांवरून फिरवला. मी फळीवर होतो. मला ठाऊक होते की शेजारची वही अजून बंद आहे.

ती आरांदियाने उघडली. कबरी मोजून त्यांची नावे लावायला नेमलेला तो तरुण अधिकारी, आवाज न चढवणारा माणूस. त्याने दफनाची जुनी वही टेबलावर ठेवली आणि १९१५च्या पानावर बोट ठेवले.

“आजी, हाच फेर्मिन कोल्के. हीच आई. दहा महिन्यांचा असताना वारला. दहा महिन्यांच्या मुलाला नातवंडं होत नाहीत.”

“आमच्याकडे पोरं लवकर मोठी होतात, साहेब,” सेव्हेरो म्हणाला.

“मग माझ्या आजीने लग्न कुणाशी केलं?” विल्माने विचारले.

“ते मला सांगता येणार नाही. माझ्यापुढे एक नाव आहे आणि दोन कबरी आहेत. नियम एका नावाला एक पेटी, असा आहे. दफनाची ही नोंद खरी धरली तर पेटी मुलाला मिळेल, आणि मोठी कबर बेनाव ठरेल. नोंद चुकीची आहे असं तुम्ही लिहून दिलंत, तर पेटी मोठ्या कबरीला.”

“आणि दुसऱ्याचं काय?”

त्याने खिडकीबाहेर पाहिले. खड्डा तेथून दिसत होता.

सेव्हेरो विल्माच्या कानाशी लागला. “वही ओलीच झालीय, पोरी. एखादं पान आपोआप गळून गेलं तर...”

“गप रे,” ग्रेगोरिया म्हणाली. ती वहीकडे पाहत नव्हती. “मी लहान होते ना, तेव्हा मृतांच्या सणाला माझी आजी टेबलावर मेलेल्यासाठी पावाचं एक बाळ मांडायची. एवढंसं. कुणाचं गं, म्हणून विचारलं तर म्हणायची, फेर्मिनचं. आणि बाप तर समोर बसून सूप भुरकत असायचा! मला हसू यायचं. हसले की मुस्काटात बसायची. बाप अर्धं सूप टाकून बाहेर निघून जायचा.” तिने शाल खांद्यावर ओढली. “मला वाटायचं, म्हातारी भ्रमिष्ट झालीय.”



“म्हणजे त्याला कागद दिला तुझ्या आजीने,” विल्मा सावकाश म्हणाली. “लेकराचा. मग तो कोण होता, आई?”

“माझा बाप होता.”

“तसं नाही. त्याचं स्वतःचं नाव काय होतं? कुठून आला? त्याची आई कुठे वाट बघत असेल...” ती आळीपाळीने तिघांकडे पाहत राहिली. सेव्हेरोने मान हलवली. आरांदियाने लेखणी खाली ठेवली.

मी तिच्या हाताच्या अंतरावर होतो. सातुर्निनो युक्रा, पुकामायुचा, मक्याची कणसे भरतात तेव्हाचा. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या खोलीत होते आणि ते बोलू शकत नव्हते. माझ्या आयुष्यातली सर्वांत कठीण घटका कोणती, असे कोणी विचारले तर मी ती सांगेन.

ग्रेगोरियाने अंगठा उमटवला. लहानग्याच्या नोंदीवर आडवे लिहिले गेले: चुकीची नोंद. ज्याच्या नावावर हे घर उभे राहिले, तो कधी मेलाच नाही असे ठरले. पुढे ती बराच वेळ अंगठ्याची शाई परकराला पुसत राहिली. शाई जाईना.

दुसऱ्या दिवशी कबर खणली. चर्चही रिकामे करायचे होते, म्हणून सेव्हेरोने आम्हा लहानसहान वस्तू एका पोत्यात भरल्या होत्या आणि ते पोते खांद्यावर घेऊनच तो वर आला होता. मोठ्या कबरीतील हाडे पेटीत ठेवली गेली. ती काळवंडलेली आणि हलकी होती. विल्मा ती एकेक करून आईला दाखवत होती. मग ग्रेगोरियाने शेजारच्या लहान उंचवट्याकडे बोट केले.

“तेही उकर.”

“आजी, त्या कबरीतलं काही या पेटीत ठेवता येणार नाही,” आरांदिया म्हणाला.

सेव्हेरोने फावडे घातले. खाली काहीच नव्हते. इतक्या लहान हाडांचे येथील जमीन काही शिल्लक ठेवत नाही. एका ठिकाणी माती जरा काळी होती, इतकेच. ती गोठलेली होती, बोटांनी निघेना. सेव्हेरोने पोत्यात हात घातला आणि मला बाहेर काढले. ज्या कडेवरून पाणी ओघळायचे, त्या कडेने मी ती काळी माती खरवडली आणि पेटीत, हाडांच्या कुशीला टाकली.

“सेव्हेरो, मी सांगितलं ना,” आरांदिया म्हणाला.

“माती आहे, साहेब. मातीला कुठे दाखला लागतो?”

आरांदियाने हातातला कागद दुमडला. मग पाठ वळवून तो पुढच्या कबरीकडे गेला.

सेव्हेरो मला पुसून परत पोत्यात टाकणार, तोच ग्रेगोरियाने त्याचा हात धरला.

“राहू दे त्याला आत. लेकराला खायला चमच्यासारखं काहीतरी हवं.”

“बिशपसाहेबांच्या यादीत आहे हा, ग्रेगोरियाबाई.”

“मग हरवला म्हणून लिही. एवढं खोटं लिहिलं आपण या आठवड्यात. आणखी एक लिही.”

झाकणावर खिळे ठोकले गेले.

आता मी नव्या कबरस्तानात आहे. येथे भिंत नाही, वारा अडत नाही, आणि ज्या चुलीच्या आधाराने मी इतकी वर्षे टिकलो ती आता कोणी पेटवत नाही. कडेवरचा डाग मध्यापर्यंत आला आहे. या थंडीत पुरता पसरायला तो किती काळ घेईल याचा अंदाज मी करू इच्छित नाही. पण एक दिवस मी भुकटी होईन, आणि लेकराची माती कोणती, माझी कोणती, हे कोणालाही सांगता येणार नाही. या डोंगरातून मी निघालो होतो. परत जाण्याचे मला दुःख नाही. दुःख एवढेच, की माझ्यापाशी जे एक नाव आहे तेही माझ्याबरोबर भुकटी होईल.

म्हणून वाचणाऱ्याला माझे एक मागणे आहे. पुकामायु नावाच्या गावात चर्च असेल, आणि त्याच्या कपाटात बाप्तिस्म्याची जुनी वही असेल, असे मी धरून चालतो. तिच्यात सातुर्निनो युक्राची नोंद असेल आणि तिच्यापुढचा समास कोरा असेल. लग्न नाही, मृत्यू नाही. त्याची आई त्या कोऱ्या जागेकडे पाहत गेली असणार. तुम्ही कधी आपले माणूस शोधत वह्या चाळत तिकडे पोहोचलात आणि ते पान समोर आले, तर ते उलटून पुढे जाऊ नका. जे पाहिले नाही ते लिहू नये, हे मला मान्य आहे. पण मी पाहिले आहे. माझ्या साक्षीने तेथे एवढेच लिहा: हा सापडला. वाय्याकोत्यात आहे. एकटा नाही.